काचेच्या पेटीतलं लग्न

एडिटिंगसाठी कॉम्प्युटर कुठला घ्यावा, असं कुणी विचारलं की मी आधी त्याच्या खोलीवर जातो, तेही भर दुपारी, आणि भिंतीला हात लावून उभा राहतो. विचारणारा बुचकळ्यात पडतो. त्याला प्रोसेसरचं नाव हवं असतं, ग्राफिक्स कार्डाचा नंबर हवा असतो. भिंत पश्चिमेची निघाली आणि हात झटकन मागे घ्यावा लागला, तर मी म्हणतो, "आधी हवेचं बघू. बाकीचं मग." लोकांना वाटतं, हा या धंद्यात चांगला मुरलेला दिसतो. मुरलेला कसला, भाजलेला आहे.

आमचा धंदा लग्नाच्या शूटिंगचा. कॅमेरा माझा जोडीदार धरतो, कापून-जोडून पिक्चर मी करतो. जोडीदार शाळेपासूनचा. घरी दखनी बोलतो, माझ्याशी सोलापुरी मराठी, आणि राग आला की दोन्ही एकदम. आमची खोली चादरीच्या दुकानावर, पहिल्या मजल्यावर आहे. डोक्यावर पत्रा, पश्चिमेला मोठी खिडकी, मागच्या बोळात यंत्रमाग. मागांचा खडखडाट आम्हाला ऐकू येत नाही, तो थांबला की मात्र आम्ही दचकतो. कापसाचे बारीक तंतू खिडकीतून येतात आणि चहावर सायीसारखे बसतात.

जुना कॉम्प्युटर म्हणजे राखाडी पत्र्याचा डबा होता. त्याची एक बाजू कायम उघडी आणि उघड्या पोटासमोर टेबल फॅन. एका लग्नाचा पिक्चर बाहेर काढायला तो इतका वेळ घ्यायचा, की तोवर नवराबायकोचं पहिलं भांडण होऊन मिटलेलं असायचं. पण मध्येच कधी बंद पडला नाही. ही त्याची थोरवी मला तेव्हा थोरवी वाटली नाही. गरीब माणसाचा चांगला स्वभाव जसा कुणी मोजत नाही, तशी मीही ती मोजली नाही.

नवा घ्यायचं ठरल्यावर मी रोज व्हिडिओ बघायला लागलो. कुठला प्रोसेसर वेगवान, कुठलं कार्ड दमदार, रॅम किती, डिस्क कसली. सांगणारे परदेशातले, हुशार, गोरेगोमटे. एकजात सगळे स्वेटर घालून बोलत होते. हे मला तेव्हाच खटकायला हवं होतं.

दुकानात गेलो आणि प्रोसेसर, कार्ड एका दमात सांगून टाकलं. मग कॅबिनेट निवडायची वेळ आली. तिथं पुढूनही काच, बाजूनंही काच आणि आत इंद्रधनुष्यासारखे रंग फिरवणारे दिवे अशी एक पेटी होती. तिच्यासमोरून मी हललोच नाही.

"जाळीवालं बघा की," दुकानदार म्हणाला. "हवा खेळती राहते."

"जाळी खुराड्याला असते," मी म्हणालो.

त्याला एवढंच पुरलं. ती पेटी त्याच्याकडं बऱ्याच दिवसांपासून पडून असणार, कारण त्यानं पुन्हा विषय काढला नाही. पॉवर सप्लाय कुठला टाकू, एवढं विचारलं. म्हणजे भिंतीतली वीज घेऊन आतल्या प्रत्येकाला वाटून देणारा डबा. घरात जसा गॅस, तसा कॉम्प्युटरमध्ये हा. मी म्हणालो, "असेल तो टाका. आत असतो तो, दिसतो कुणाला?" प्रोसेसरवरच्या पंख्याचंही तसंच केलं. सोबत जो फुकट येतो, तोच बसवला. जे दिसतं ते भारी, जे दिसत नाही ते चालेल. मी लग्नात माणसं बघून धंदा शिकलेला. दुसरं काय करणार?

मशीन खोलीत आलं तेव्हा बायको बघायला आली होती. तिनं दिव्यांकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"हा कॉम्प्युटर आहे का गणपतीचं मखर?"

"गिऱ्हाईक बघून गार होतं," मी म्हणालो.

"गिऱ्हाईक होईल हो. हा कसा होणार गार? ह्याच्यात हवा कुठनं जाते?"

त्यातलं तुला कळत नाही, असं मी म्हणालो. लग्नाला इतकी वर्षं झालेला नवरा हे वाक्य कधीच बोलत नाही. पण मी त्या दिवशी नवरा नव्हतो, मशीनचा मालक होतो. त्याच तोऱ्यात जुना डबा बार्शीच्या एका फोटोवाल्याला देऊन टाकला. सोबत टेबल फॅनही दिला. नव्याला त्याची काय गरज?

मशीन मी मुद्दाम खिडकीखाली ठेवलं. आलेला माणूस खुर्चीत बसला की दिवे थेट त्याच्या डोळ्यांत जावेत, म्हणून.

त्याच खुर्चीत एक दिवस टॉवेलच्या मागांचे एक मालक येऊन बसले. मुलीचं लग्न होतं. आवाज असा, की खाली दुकानातल्या माणसानं वर बघावं. घर तेलुगू, पण भांडण, हिशोब आणि कौतुक मराठीत. त्यांनी बराच वेळ दिवे बघितले आणि विचारलं, "सकाळी लग्न लागलं, तर संध्याकाळी रिसेप्शनला पिच्चर दाखवता येतोय काय?"

मी मशीनवर थाप मारली. "काका, संध्याकाळ कशाला? दुपारीच तयार होईल."

जोडीदारानं टेबलाखालून मला लाथ मारली. तोवर उशीर झाला होता.

वडील खाली उतरले, पण मुलगी मागे थांबली. "दादा, पप्पांना नुसती हौस आहे," ती म्हणाली. "मला दुसऱ्या कारणासाठी पाहिजे. अव्वाचं खुब्याचं ऑपरेशन झालंय." अव्वा म्हणजे तिची आजी, वडिलांची आई. "सकाळच्या गर्दीत आणि उन्हात तिला आणायला डॉक्टर नाही म्हणतात. संध्याकाळी एसी हॉलमध्ये चाकाच्या खुर्चीवर आणणार, तेपण थोडाच वेळ. आई गेल्यापासून तिनंच मला वाढवलंय. मी म्हणाले, मुहूर्त पुढं ढकलू. तर ती म्हणते, मला कोण पुढं ढकलणार? म्हणून ती बसलेली असेल तेवढ्या वेळात तिला माझं लग्न दिसायला पाहिजे. होईल ना?"

होईल, असं मी या वेळी मशीनवर थाप न मारता म्हणालो.

लग्न भर उन्हाळ्यात होतं. सकाळी मुहूर्तावर लग्न लागलं, तलंब्रालु झालं. म्हणजे नवरानवरी एकमेकांच्या डोक्यावर ओंजळीनं हळदीचे तांदूळ ओततात ते. जोडीदारानं सुंदर टिपलं. दुसरी पंगत बसल्याबसल्या मी कॅमेऱ्याची मेमरी कार्डं घेऊन खोलीवर पळालो, आणि खरं सांगतो, दुपारी उशिरापर्यंत मी राजा होतो. मशीन पळत होतं. मी कापत होतो, जोडत होतो, रंग ठीक करत होतो.

इथं माझी एक सवय सांगायला हवी. नवरीचा बाप आणि मामा सोडले, तर लग्नातली नाती मला कळत नाहीत. चुलता कोण, मावसा कोण, सगळे फेट्यात सारखेच दिसतात. म्हणून प्रत्येक तुकड्याला मी वागण्यावरून नाव देतो. 'सारखं घड्याळ बघणारा.' 'चष्मा डोक्यावर, शोधते पर्समध्ये.' 'दोनदा जेवले.' तुकडा काही झालं तरी कापायचा नसला, तर पुढं 'ठेवायचं'. हे एडिटिंगच्या पडद्यावर खाली पट्टीत दिसतं, फक्त मला. पिक्चर तयार होऊन बाहेर पडला की नावं आत राहतात. एखाद्या मोलकरणीनं मालकांना ठेवलेली नावं जशी स्वयंपाकघरात राहतात, तशी.

शेवटचा तुकडा बसवला आणि एक्स्पोर्टचं बटण दाबलं. एक्स्पोर्ट म्हणजे सगळे तुकडे आटवून त्यांची एकच फाईल करायची. मशीनला खरा जोर तेव्हाच लागतो. हिरवी रेघ सरकायला लागली. मी पाय ताणून चहा मागवला.

आणि दिवे गेले. सगळे एकदम. इंद्रधनुष्य नाही, पंखा नाही, पडदा काळा. खोलीत अशी शांतता झाली, की कितीतरी दिवसांनी मला मागांचा खडखडाट ऐकू आला. म्हणजे वीज होती. मागांना होती. फक्त माझं मशीन गेलं होतं.

पुन्हा चालू केलं. झालं चालू, दिवे नाचायला लागले. काम शाबूत होतं. एक्स्पोर्ट दाबलं. रेघ पाव अंतर गेली आणि पुन्हा काळोख.

मी शहाण्या माणसासारखा विचार केला आणि चुकीच्या ठिकाणी केला. म्हटलं, रंगांचं काम जड झालं असेल. रंग काढले. पुन्हा काळोख. म्हटलं, एखादा तुकडा खराब असेल. अर्धं लग्न काढून बघितलं. पुन्हा काळोख. प्रत्येक वेळी मशीन उठायचं, दिवे नाचवायचं आणि कामाला लावलं की मरायचं. कामाचं नाव काढलं की आजारी पडणारा जावई असतो ना, तसं.

तोवर जोडीदार हॉलवरून आला. खिडकीतून ऊन थेट पेटीवर पडलं होतं. तो पुढं आला, काचेवर हात ठेवला आणि झटक्यात मागं घेतला.

"अबे! तवा झालाय हा. हात लावून बघितलास का तू?"

नव्हता लावला. डाग पडतील म्हणून मी काचेला कुणाला हातच लावू देत नव्हतो. आम्ही स्क्रू काढून काच उतरवली. आतून जी वाफ अंगावर आली, तिच्यात कडक भाकऱ्या वाळल्या असत्या. पंख्यांच्या पात्यांवर कापसाच्या तंतूंचं छान अस्तर बसलं होतं. प्रोसेसरवरचा तो फुकटातला छोटा पंखा जीव तोडून फिरत होता आणि तीच ती गरम हवा गरगर फिरवत होता. दिवे मात्र गुलाबीवरून निळ्यावर, निळ्यावरून हिरव्यावर, मजेत.

मी ब्रशनं तंतू झटकले. मग मला कल्पना सुचली. कोपऱ्यात आमचा पाण्याचा कूलर होता, वाळ्याच्या ताट्यांचा. मी तो ओढत आणला आणि मशीनच्या उघड्या पोटासमोर लावून पूर्ण जोरात सोडला. गार हवा आली. हवेबरोबर बारीक तुषारही आले. ते कार्डावर पडलेले मी बघितले, पण मेंदूपर्यंत बातमी पोचेना.

"नक्को बे!" जोडीदार ओरडला आणि त्यानं कूलरची पिनच उपटली. "कॉम्प्युटरला पाणी पाजतो काय? वरात काढायची का त्याची?"

आम्ही दोघं रुमालानं एकेक थेंब टिपत बसलो. चुकून कुठं एक थेंब राहिला असता, तर लग्न त्या डिस्कमध्येच राहिलं असतं आणि आजी हॉलमध्ये. टेबल फॅन पाहिजे होता. टेबल फॅन बार्शीला होता.

बायकोला फोन केला. ती घरचा पंखा काखेत मारून रिक्षानं आली. जिना चढून वर आली, उघडी पेटी बघितली, भिंतीला टेकवलेली काच बघितली. मी मान खाली घातली.

"मी काही बोलत नाही," ती म्हणाली. हे सगळ्यात वाईट असतं.

पंखा लावला. खिडकीला खालच्या दुकानातून आणलेली जाड चादर टांगली. पुन्हा रेघ सरकली. पाव गेली. अर्धी गेली. मी मनातल्या मनात कुलदैवताला नारळ बोललो. रेघ पाऊण झाली आणि काहीतरी करपल्यासारखा वास आला. पुन्हा काळोख.

जोडीदारानं वाकून वास घेतला. "हे गरम होण्याचं नाही. हा खालचा डबा आहे. कुठला घेतलास?"

"असेल तो," मी म्हणालो.

तो कमरेवर हात ठेवून सरळ झाला. मग दखनीत काहीतरी म्हणाला, ते बायकोसमोर त्यानं म्हणायला नको होतं. बायकोला दखनी येते. तिनं मान हलवून दुजोरा दिला.

मशीन आता चालू व्हायचं, लग्न दाखवायचं, पण जोर लावला की बसायचं. लग्नाचे लहान लहान तुकडे करून बाहेर काढायला बघितलं, एकही पार पडला नाही. दुसऱ्या कुणाच्या मशीनवर न्यावं, तर सगळं तिथं चढवून पुन्हा जुळवेपर्यंत रिसेप्शनची भांडी घासून झाली असती. तेवढ्यात फोन वाजला. नवरी होती.

"दादा, अव्वाला तयार केलंय. इरकल नेसली आहे. आता निघतोय आम्ही. झालं ना सगळं?"

"हां हां," मी म्हणालो, "या तुम्ही." फोन ठेवला आणि खाली बसलो. पहिल्यांदा मनात आलं, की हॉलवर जाऊच नये. गाडी पंक्चर झाली म्हणावं. आई आजारी म्हणावं. माझी आई बिचारी माझ्या थापांत इतक्या वेळा आजारी पडली आहे, की खरी आजारी पडली तेव्हा लोकांनी हसत हसत विचारपूस केली.

बायको पडद्याकडं बघत होती. तिथं नवरी थांबली होती, ओंजळीत तांदूळ घेऊन.

"अहो, हे इथं तुम्हाला सगळं दिसतंय ना?"

"दिसतंय. पण बाहेर काढता येत नाही ना!"

"बाहेर कशाला काढता? त्या आजीला जिना चढवून इथं आणता येणार नाही. हे उचलून तिकडं नेता येतं की."

मी आणि जोडीदारानं एकमेकांकडं बघितलं. मग दोघंही एकदम तारा उपटायला लागलो.

खिडकीवरची चादर काढून मशीन तिच्यात गुंडाळलं आणि मी ते मांडीवर घेऊन रिक्षात बसलो. एका बाजूला बायको, तिच्या मांडीवर पंखा. जोडीदार दुचाकीवर पुढं, कॅमेरा पाठीला. मशीन इतकं तापलेलं, की चादरीतूनही मांड्या भाजत होत्या. प्रत्येक गतिरोधकाला मी ते दोन्ही हातांनी वर उचलून धरायचो. सात रस्ता चौकातल्या सिग्नलला रिक्षावाल्यानं आरशातून बघितलं.

"काय वो, पेशंट हाय काय?"

"व्हय," मी म्हणालो. "लई सिरीयस हाय."

"मग हॉस्पिटल सोडून हॉलकडं कुटं?"

"तितंच डॉक्टर हाय," बायको म्हणाली. तिच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. सिग्नल सुटला, आणि रिक्षावाला जीव खाऊन निघाला.

हॉलचं दार उघडलं आणि गार हवा अंगावर आली. त्या दारात मला पहिल्यांदा कळलं, की ते स्वेटरवाले खोटं बोलत नव्हते. ते फक्त दुसऱ्या गावाबद्दल बोलत होते.

स्टेजच्या कडेला टेबल मिळालं. मशीन ठेवलं, काच नाहीच, पोट उघडं, समोर घरचा पंखा. नवरीचे वडील लांबूनच गरजले, "काय हो! दुपारीच होणार होतं की!" त्यांच्या शेजारी नवरीचे मामा. ते सकाळपासून कशावरून तरी फुगलेले होते, अजून तसेच. मी कसंनुसं हसलो. तारा जोडल्या, हॉलच्या मोठ्या पडद्याची तार जोडली, बटण दाबलं. मशीन उठलं. दिवे नाचले. पुढच्या रांगेतल्या पोरी "वॉव" म्हणाल्या. म्हणजे गिऱ्हाईक गार झालं म्हणायचं.

दारातून चाकाची खुर्ची आत आली. आजी लहानखुरी, ताठ बसलेली, ऑपरेशनचा पाय पुढं लांब केलेला. नवरी शालू सावरत तिच्याकडं धावली. सगळ्यांनी वाट करून दिली आणि खुर्ची बरोबर पडद्यासमोर आणून लावली. सोबतच्या नर्सबाईंनी घड्याळ बघितलं.

मी फक्त चित्र पूर्ण पडद्यावर येईल असं बटण दाबलं. मोठा पडदा काळा झाला, आणि मशीन बंद पडलं.

हॉलमध्ये कुजबुज झाली. वडील माझ्याकडं यायला निघाले. त्यांच्या चपलांचा आवाज मला अजून ऐकू येतो. मी पुन्हा चालू केलं. ते उठेपर्यंतचा वेळ मी कसा काढला, सांगता येत नाही. आजी समोर बसली होती. तिचं लक्ष पडद्यावर नव्हतं, माझ्यावर होतं. रागानं नव्हे, नुसतं बघत होती. नवरा कधी घरी येईल म्हणून ओट्यावर बसून बायका बघतात, तसं. उशिराची सवय असलेलं बघणं.

मशीन उठलं. जोडीदार कानाशी आला. "पूर्ण पडद्याच्या नादाला लागू नको बे. जसं दिसतंय, तसंच चालव."

मी तसंच चालवलं. वर चौकटीत चित्र, खाली पट्ट्या. सनई सुरू झाली. नवरी मंडपात आली. आजीचे हात खुर्चीच्या दांड्यांवर घट्ट झाले. चालतंय. पंखा फिरतोय. मी एकीकडं मशीनचा आवाज ऐकत होतो, एकीकडं वास घेत होतो. बायकोनं पत्रिकेनं वारा घालायला सुरुवात केली होती, कुणाला, मशीनला की मला, ते तिलाच ठाऊक.

मग हॉलमध्ये कुणीतरी हसलं. पुन्हा दोन-तीन जण हसले. मी चित्राकडं बघितलं. हसण्यासारखं काही नव्हतं, भटजी मंत्र म्हणत होते. तेवढ्यात पुढच्या रांगेतून मोठ्यानं वाचल्याचा आवाज आला.

"घाम... पुसून... मंत्र विसरले."

आजी वाचत होती. चष्मा नाकावर सरकवून, शाळेत धडा वाचतात तसं, बोट पुढं करून. नावं! मोठ्या पडद्यावर, हॉलच्या शेवटच्या खुर्चीपर्यंत दिसतील एवढ्या अक्षरांत, खालच्या पट्टीवर माझी नावं सरकत होती. इतकी वर्षं ती फक्त मी वाचत आलो होतो. ती दिसतात, हेच मी विसरलो होतो.

थांबवायचं म्हटलं, तर बंद पडायची भीती. चालू ठेवायचं म्हटलं, तर पुढं काय येणार, हे मला एकट्याला माहीत. मी जोडीदाराकडं बघितलं. तो भिंतीकडं तोंड करून उभा होता. खांदे हलत होते त्याचे.

"दोनदा जेवले," आजीनं वाचलं. हॉल हसला. एक गृहस्थ उठून उभे राहिले, "एकदाच!" म्हणाले आणि बसले.

"मामा रुसले," आजीनं वाचलं.

हसू थांबलं. सगळ्यांनी मामांकडं बघितलं. पडद्यावरचे मामा गाल फुगवून उभे, हॉलमधले मामाही तसेच. आणि लगेच पुढची पट्टी आली. मी डोळेच मिटले.

"मामा हसले... चुकून."

मामा एक क्षण तसेच राहिले. मग त्यांच्याच फुगलेल्या गालातून फुस्स करून हसू सुटलं, आणि सकाळपासूनचं ते सगळं त्या हॉलमध्ये एकदाचं फुटलं.

पण मी हसलो नाही. कारण पुढची पट्टी मला पाठ होती. नवरीच्या वडिलांनी सकाळी सगळ्यांवर आवाज चढवून झाल्यावर, तलंब्रालु चालू असताना जे केलं होतं, ते जोडीदारानं लांबून टिपलं होतं. मंडपात त्यांना कुणी बघितलं नव्हतं. त्यांना वाटलं होतं, कुणीच बघितलं नाही.

"बाप... रडतो," आजीनं वाचलं. तिचा आवाज हळू झाला. "खांबामागं. ठेवायचं."

हॉलमध्ये फक्त सनई. पडद्यावर फेटा सरकलेला एक माणूस खांबाला कपाळ टेकवून उभा होता, आणि खांद्यावरच्या उपरण्यानं तोंड पुसत होता.

वडील माझ्या टेबलापासून हातभर अंतरावर उभे होते. मी त्यांच्याकडं बघायची हिंमत केली नाही. आजीनं मान वळवली आणि तेलुगूत काहीतरी विचारलं, अगदी लहान वाक्य. ते गेले आणि तिच्या खुर्चीशेजारी खाली जमिनीवर बसले, भारी कपड्यांत. आजीनं त्यांचं मनगट धरलं. मग त्यांनी तिथूनच, माझ्याकडं न बघता हात वर केला.

"चालवा की पुढं! थांबू नका." तोच आवाज. खाली दुकानातल्या माणसानं वर बघावं असा.

मी थांबलोच नव्हतो. मशीनही थांबलं नाही. ओंजळी ओतल्या गेल्या, सप्तपदी झाली, नवरी वाकली, हसली, रडली. आजी आता नावं वाचत नव्हती, नुसती बघत होती. नर्सबाईंनी एकदा तिच्या खांद्याला हात लावला, तर आजीनं माशी उडवावी तसा तो बाजूला केला.

शेवटचा तुकडा संपला, आणि पट्टीवर पुढं काही नव्हतं. करडी मोकळी जागा तशीच पडद्यावर राहिली. टाळ्या पडल्या. आजीनं चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"हितं काय न्हाय लिवलं?"

"तिथं तुम्ही," मी म्हणालो. खरंच तसंच होतं. संध्याकाळी आजी आशीर्वाद देणार, तो शेवट म्हणून मी जागा सोडली होती. "तुमचं शूटिंग अजून व्हायचंय, आजी."

"नाव काय ठेवतोस माझं?"

सगळा हॉल माझ्याकडं बघायला लागला. इतकी वर्षं लोकांना नावं ठेवली, पण तोंडावर ठेवायची वेळ कधी आली नव्हती.

"तुम्हीच सांगा," मी म्हणालो.

आजीनं विचार केला. पदर डोक्यावर घेतला, नवरीला एका बाजूला ओढलं, नातजावयाला दुसऱ्या बाजूला. जोडीदारानं कॅमेरा उचलला.

"लिव," ती म्हणाली. "म्हातारी वेळेवर आली. पिच्चरच उशिरा."

त्यानंतर पॉवर सप्लाय चांगल्यातला घेतला, पंखा मोठा घेतला, मशीन खिडकीखालून काढून आतल्या भिंतीला लावलं. दिवे बंद केले. काढलेली काच बायकोनं घरच्या गच्चीवर नेली आहे. तिच्यावर ती पापड वाळवते. म्हणते, उन्हात ठेवायला इतकी चांगली वस्तू तुम्ही आत कशाला ठेवली होती?

पिक्चर मी नीट काढून दिला, गुळगुळीत, पूर्ण पडद्याचा, एकही नाव नसलेला. दोन दिवसांनी नवरीच्या वडिलांचा फोन आला. "हे कसलं पाठवलं तुम्ही?" ते गरजले. "नावं कुठंयत? आईला ते नावंवालं पाहिजे."

पाठवलं. मामांनी म्हणे आपल्या नावातला 'चुकून' काढायला सांगितला होता. मी तो काढला नाही.